परतीच्या वाटेवरील छिद्र

दक्षिण कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिस शहराच्या उत्तरेकडील डोंगर ओलांडून मोहावीच्या वाळवंटात उतरले म्हणजे म्युरॉक आणि एल मिराज या नावांची कोरडी सरोवरे लागतात. क्वचित पडणाऱ्या पावसाचे पाणी त्यांत साचते, उन्हाने आटते, आणि मागे राहतो तो दूरवर पसरलेला, टणक व सपाट मातीचा तळ, जेथे वाहनाला अडवील असे झाड नाही, दगड नाही आणि वळणही नाही. १९३० नंतरच्या दशकात आसपासच्या शहरांतील तरुण कारागीर आपल्या जुन्या फोर्ड गाड्यांचे मडगार्ड आणि छत उतरवून, इंजिनांची आपल्या हाताने फेररचना करून, या तळांवर जमू लागले. १९३७ साली त्यांच्या निरनिराळ्या मंडळांनी एकत्र येऊन सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन केली, शर्यतींचा शिरस्ता बांधून दिला आणि वेगाची नोंद ठेवण्याची रीतसर तजवीज केली. पुढे याच परंपरेत वाढलेल्या वॉली पार्क्स याने १९५१ साली नॅशनल हॉट रॉड असोसिएशनचा, म्हणजे एनएचआरएचा, पाया घातला, आणि वाळवंटातील लांबच लांब धाव आखूड होत होत पाव मैलाच्या, सुमारे ४०२ मीटरांच्या, ड्रॅग शर्यतीचे रूप घेऊन नगरांच्या वेशीपर्यंत येऊन ठेपली.

या शर्यतींविषयी लिहिणारे बहुधा गाड्यांविषयी आणि त्या चालविणाऱ्या धाडसी पुरुषांविषयी व स्त्रियांविषयी लिहितात, आणि ते योग्यच आहे. प्रस्तुत लेखाचा विषय त्याहून पुष्कळ लहान असला तरी माझ्या मते अधिक निर्णायक आहे. टाकीतून निघालेल्या इंधनाला इंजिनापर्यंतच्या प्रवासात कोठे अडवावे, किती अडवावे आणि अडविलेल्या इंधनाचे पुढे काय करावे, या एका प्रश्नाचा हा इतिहास आहे.

कार्बुरेटरच्या काळी हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडविला जात असे. कार्बुरेटरमध्ये हवेची वाट मध्येच मुद्दाम अरुंद केलेली असते. त्या चिंचोळ्या गळ्यातून जाताना हवेचा वेग वाढतो, दाब उतरतो, आणि त्या उतरलेल्या दाबामुळे शेजारच्या तबकडीतील पेट्रोल आपोआप वर ओढले जाऊन हवेत मिसळते. योजना मोठी चतुर आहे यात शंका नाही. परंतु तिची किंमत हवेला मोजावी लागते, कारण इंधन ओढण्यासाठी जो गळा हवा तोच गळा इंजिनाचा श्वासही कोंडतो, आणि गळा रुंद करावा तर इंधन ओढण्याचे त्याचे सामर्थ्य कमी होते. शिवाय तबकडीतील इंधनाची पातळी तरंगत्या गोळ्याच्या भरवशावर असल्यामुळे गाडी वळली, उसळली किंवा एकाएकी झेपावली की सारा हिशेब चुकतो.

या दुसऱ्या दोषाचा सर्वांत कठोर अनुभव मोटारींना नव्हे, तर विमानांना आला, आणि ती हकिकत येथे सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. १९४० साली इंग्लंडच्या आकाशात स्पिटफायर आणि हरिकेन ही विमाने जर्मन मेसरश्मिट विमानांशी झुंजत होती, तेव्हा इंग्रजी विमानांतील रोल्स-रॉइस मर्लिन इंजिनाला कार्बुरेटर होता, तर मेसरश्मिटच्या डाइमलर-बेन्झ इंजिनात प्रत्येक सिलिंडरला पंपाने मोजून इंधन देण्याची व्यवस्था होती. जर्मन वैमानिक नाक खाली करून सरळ सूर मारी. त्याच्या पाठलागावर इंग्रज वैमानिकाने तसेच केले की कार्बुरेटरमधील पेट्रोल तबकडीच्या छताला जाऊन चिकटे, इंजिन क्षणभर उपाशी पडे, आणि लगोलग तरंगता गोळा उलटा पडल्यामुळे पंपाचे सारे पेट्रोल बेबंद आत घुसून ते इंजिन बुडवून टाकी. फार्नबरो येथील शाही विमान संशोधन संस्थेत बिऑट्रिस शिलिंग नावाची अभियंता होती. ब्रुकलंड्सच्या धावपट्टीवर नॉर्टन मोटरसायकलने ताशी १०६ मैलांची फेरी मारून सुवर्णतारा मिळविलेली ही स्त्री यंत्राशी नुसती पुस्तकातून परिचित नव्हती. तिने कार्बुरेटरकडे जाणाऱ्या इंधनाच्या वाटेत एक लहानसा पितळी अवरोध बसविला, ज्याचे छिद्र इतकेच मोठे होते की पूर्ण शक्तीवर इंजिनाला जेवढे पेट्रोल लागते तेवढे त्यातून जावे आणि त्याहून थेंबभरही अधिक जाऊ नये. कार्बुरेटर तोच राहिला, परंतु बुडण्याची आपत्ती टळली. १९४१ च्या पूर्वार्धात आपल्या लहानशा पथकासह ती विमानतळोविमानतळी हिंडून हे अवरोध बसवीत होती. इंधनाच्या वाटेतील एका नेमक्या छिद्राने एखाद्या राष्ट्राच्या संरक्षणाला एवढा हातभार लावल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

त्याच महायुद्धात अमेरिकेच्या हवाई दलात स्टुअर्ट हिल्बर्न नावाचा एक तरुण नोकरी करीत होता. १९१७ साली कॅनडातील कॅलगरी येथे जन्मलेला हिल्बर्न दक्षिण कॅलिफोर्नियात येऊन कोरड्या सरोवरांच्या नादी लागला होता. १९२१ सालच्या इंडियानापोलिसच्या शर्यतीत गाडी चालविलेला अनुभवी एडी मिलर त्याचा मार्गदर्शक होता, आणि फोर्डचे व्ही-८ इंजिन बसविलेली एक सडपातळ, निमुळती गाडी त्याच्यापाशी होती. युद्धकाळात त्याच्या मनात जी कल्पना घोळत होती, तिचे सार असे, की अवरोध हवेच्या वाटेतून काढून इंधनाच्या वाटेत न्यावा. हवेला सरळ, मोकळ्या नळीतून आत येऊ द्यावे. मोजमापाचे काम इंधनाकडे सोपवावे. जर्मन विमानांतील पंप प्रत्येक सिलिंडरच्या पाळीनुसार ठराविक क्षणी थेंब सोडीत, आणि त्यासाठी अत्यंत सूक्ष्म, महागडी यंत्रणा लागे. हिल्बर्नने तो खटाटोप सोडून दिला. त्याच्या रचनेत इंधनाची धार अखंड वाहते. सिलिंडरची झडप उघडी असो वा मिटलेली, नॉझलमधून फवारा चालूच राहतो.

१९४८ च्या जुलै महिन्यात हॉवी विल्सन या चालकाने हिल्बर्नची गाडी एल मिराजच्या तळावर ताशी १५०.५० मैल, म्हणजे सुमारे २४२ किलोमीटर, वेगाने पळविली. कोरड्या सरोवरांवरील या शर्यतींत दीडशे मैलांची मर्यादा ओलांडणारी ती पहिली गाडी मानली जाते. त्यानंतर हिल्बर्नने इंजेक्शनची सामग्री विकण्याचा कारखाना काढला. इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या शर्यतीतील मालकांनी ती पाहता पाहता उचलली; १९५२ साली ट्रॉय रटमन तीच सामग्री असलेल्या ऑफनहाउसर इंजिनाने जिंकला, आणि १९५३ व १९५४ ही दोन्ही वर्षे बिल व्हुकोविच ज्या गाडीने जिंकला तिचे नावच मुळी 'फ्युएल इंजेक्शन स्पेशल' असे होते. परंतु इंडियानापोलिसची शर्यत तीन-चार तासांची, आणि तेथे इंधनाची काटकसर हाही विचार असतो. हिल्बर्नच्या रचनेचे खरे गुण आणि खरे धोके उघडकीस आले ते पाव मैलाच्या धावेत.

ही रचना नीट समजून घेण्याजोगी आहे. इंजिन प्रत्येक फेऱ्यात साधारण तितकीच हवा ओढते. म्हणून फेरे दुप्पट झाले की हवा दुप्पट लागते आणि इंधनही दुप्पट लागते. इंधनाचा पंप इंजिनाच्याच फिरण्यावर चालतो, बहुधा कॅमशाफ्टवरून, म्हणजे क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने. आणि तो प्रत्येक फेऱ्याला ठराविक आकारमानाचे इंधन पुढे ढकलतो. अशा रीतीने मागणी आणि पुरवठा दोन्ही फेऱ्यांच्या संख्येवर चालतात. परंतु पंप मुद्दाम गरजेपेक्षा मोठा घेतलेला असतो, आणि तो जे जास्तीचे इंधन देतो ते एका परतीच्या नळीने टाकीकडे रवाना केले जाते. या परतीच्या नळीत एक बदलता येणारी लहानशी चकती असते, तिला मध्यभागी अचूक मापाचे छिद्र असते, आणि तेथील कारागीर तिला 'पिल' म्हणतात. पिलचे छिद्र मोठे केले की अधिक इंधन परत जाते आणि इंजिनाच्या वाट्याला कमी येते. छिद्र लहान केले की परतीची वाट अडते आणि इंजिन अधिक इंधन पिते. पाटाचे पाणी वाफ्यात किती चढावे हे वाफ्याच्या तोंडाशी न ठरविता ओढ्याकडे सोडलेल्या चारीचे दार कमीजास्त करून ठरविणाऱ्या माळ्याची ही युक्ती आहे.

या युक्तीचे सौंदर्य तिच्या गणितात आहे. छिद्रातून जाणारा ओघ दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. म्हणून पंपाने दुप्पट इंधन ढकलले की नळीतील दाब चौपट होतो. परंतु नॉझलची छिद्रे आणि परतीचे छिद्र यांना एकाच नळीतील दाब मिळत असल्यामुळे इंधनाची हिस्सेरशी, फेरे कितीही असोत, तीच राहते: समजा दहापैकी सात हिस्से इंजिनाला आणि तीन टाकीला, तर दोन हजार फेऱ्यांनाही सात-तीन आणि सहा हजार फेऱ्यांनाही सात-तीन. स्प्रिंग नाही, तरंगता गोळा नाही, पडदा नाही. केवळ छिद्रांच्या क्षेत्रफळांनी हा कायमचा करार झालेला असतो. आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे हा करार फार नाजूक असतो. अडीच मिलिमीटरांचे छिद्र पावणेतीन, म्हणजे २.७५ मिलिमीटर, केले तर डोळ्याला फरक जाणवतही नाही, पण छिद्राचे क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढते. याच कारणाने या धंद्यातील मेकॅनिकच्या पेटीत इंचाच्या सहस्रांशांनी वाढत जाणाऱ्या पिलांची एक संपूर्ण माळ असते.

अर्थात व्यवहार इतका निर्मळ नसतो. थ्रॉटल अर्धवट उघडा असताना हवा कमी येते, पंपाला मात्र त्याची वार्ता नसते. म्हणून थ्रॉटलला जोडलेली एक फिरती दांडी, बॅरल व्हॉल्व्ह, मध्ये बसवावी लागते, जी इंधनाची वाट थ्रॉटलबरोबर उघडते व मिटते. तसेच फेरे फार वाढले की इंजिनाला प्रत्येक फेऱ्यात पूर्ण श्वास घेता येत नाही, आणि ठरलेला हिस्साही त्याला जड होतो. त्यासाठी ठराविक दाबावर उघडणारी स्प्रिंगची दुसरी परतवाट ठेवतात. शेव्हरोलेने १९५७ साली कॉर्व्हेट गाडीला जे रॉचेस्टर इंजेक्शन दिले ते मात्र हवेचा ओघ मोजून इंधन ठरवीत असे. रस्त्यावरच्या गाडीला ती योग्य व्यवस्था होती, पण शर्यतीच्या कारागिरांनी हिल्बर्नचा साधा हिशेब सोडला नाही.

मग नायट्रोमिथेन आले, आणि नळ्यांचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला. हा मूळचा द्रावक आणि रासायनिक उद्योगाचा कच्चा माल; त्याच्या रेणूत स्वतःचा प्राणवायू असल्यामुळे त्याला जळण्यासाठी बाहेरची हवा फार थोडी लागते. एक किलो पेट्रोल पूर्ण जाळण्यास १४.७ किलो हवा लागते, मिथेनॉलला सुमारे साडेसहा किलो, आणि नायट्रोमिथेनला केवळ १.७ किलो. किलोमागे त्याची उष्णता पेट्रोलच्या चतुर्थांशाइतकीच आहे. पण तेवढ्याच हवेत ते आठपटींहून अधिक वजनाचे घालता येत असल्यामुळे एकाच सिलिंडरातून दुपटीहून अधिक शक्ती निघते. हे वाक्य वाचताना शक्तीकडे लक्ष जाते. कारागिराचे लक्ष मात्र आठपटीकडे जाते. नायट्रोमिथेन पेट्रोलहून जड असल्याचा विचार केला तरी आकारमानाने साडेपाचपटींहून अधिक इंधन त्याच वेळात त्याच नळीतून न्यावे लागते, आणि नळीतील घर्षणाने होणारी दाबाची घट ओघाच्या वर्गाने वाढते. पेट्रोलला जी नळी ऐसपैस होती तीच येथे गळफास ठरते. काटकोनात वळविलेला प्रत्येक जोड, अर्धवट उघडलेली प्रत्येक तोटी, मळलेली प्रत्येक जाळी आपला कर वसूल करते.

येथे या विषयाचे मर्म आहे, आणि त्यावर थोडे रेंगाळण्याची मुभा वाचकांनी मला द्यावी. एकच अवरोध तीन ठिकाणी तीन परस्परविरुद्ध परिणाम घडवितो. तो टाकी आणि पंप यांच्या दरम्यान असला, तर पंपाला भरपूर इंधन मिळत नाही. पंप खेचून घेतो असे आपण म्हणतो खरे, पण वास्तविक वातावरणाचा दाबच इंधनाला त्याच्या पोटात ढकलीत असतो, आणि तो दाब सुमारे एका वातावरणाहून अधिक होऊ शकत नाही. नळीतील घटीने त्यातील बराचसा खर्च झाला की इंधन पंपाच्या तोंडाशीच उकळून त्याचे बुडबुडे होतात, आणि पंप द्रवाऐवजी वाफ कुटू लागतो. मिथेनॉल तर ६५ अंश सेल्सियसलाच उकळते; उन्हाळ्याच्या दुपारी तापलेल्या नळीत हा प्रकार आणखी लवकर होतो. टाकीच्या झाकणातील हवेचे भोक बुजले तरी परिणाम तोच. इंजिनाला इंधन कमी पडते आणि पिस्टन वितळतात.

हाच अवरोध परतीच्या नळीत आला, तर नेमके उलटे घडते. परत जाऊ पाहणारे इंधन अडते, नॉझलवरचा दाब वाढतो, आणि इंजिन गरजेहून अधिक इंधनाने गुदमरते. म्हणून परतीची नळी पिलच्या पुढे चांगली रुंद ठेवावी लागते, कारण ती अरुंद असेल तर मोजमाप पिल करीत नाही, नळीच करते, आणि मेकॅनिक कितीही पिल बदलो, गाडीत फरक पडत नाही. पंप आणि नॉझल यांच्या मधली गोष्ट आणखी फसवी आहे. पंप ठराविक आकारमान ढकलणारा असल्यामुळे तेथील अडथळा त्याला सहजी रोखू शकत नाही; दाब मात्र वाढतो, आणि अडथळा परतीची वाट फुटण्याच्या आधी आहे की नंतर, यावर इंजिनाचा हिस्सा तसाच राहील की घटेल हे ठरते. आणि एखाद्या एकाच नॉझलचे छिद्र चोंदले, तर त्या एका सिलिंडरचा पिस्टन जळतो, बाकीच्या सातांना थोडे अधिक मिळते, आणि दाबाचा काटा खाली जाण्याऐवजी किंचित वरच दिसतो. म्हणजे काट्यावर विसंबणारा कारागीर येथे फसतोच. मिथेनॉल अॅल्युमिनियमला खाते आणि त्याची पांढरी भुकटी मागे ठेवते. ते इंधन नळ्यांत तसेच ठेवले तर पुढच्या खेपेस हीच भुकटी नॉझलात जाऊन बसते. यासाठी दिवसाची शर्यत संपल्यावर सारी यंत्रणा धुऊन घेण्याचा दस्तूर या धंद्यात पडला, आणि तो ज्यांनी पाळला नाही त्यांना त्याची किंमत पिस्टनांत मोजावी लागली.

इंजिन बिघडले की दोष इंजिनाच्या माथी मारण्याची माणसाची खोड फार जुनी आहे. पिस्टन जळाला तर मिश्रधातू वाईट, बेअरिंग गेले तर तेल वाईट, असा निवाडा करून नवे भाग घालावेत आणि पुन्हा तेच व्हावे, ही रीत अनेक मंडळींची होती. नळीतील ओघ भांड्यात झेलून घड्याळाने मोजणारे, नॉझल एकेक करून तपासणारे, पंप चाकावर फिरवून त्याचे माप घेणारे लोक आरंभी थोडे होते. या धंद्याला शास्त्राचे रूप आले ते त्यांच्यामुळे.

टाकीची जागाही याच विचाराने ठरली. सँटा फे स्प्रिंग्स येथील डीन मून याने अॅल्युमिनियमच्या पत्र्याची गोलाकार, देखणी टाकी बनवून विकण्यास आरंभ केला, आणि ड्रॅगस्टर गाड्यांच्या अगदी पुढच्या टोकाशी, इंजिनाच्याही पुढे, ती बसविलेली दिसू लागली. तिचे रूप प्रसिद्ध झाले. तिच्या जागेचे कारण मात्र अनेकांच्या लक्षात येत नाही. गाडी झेपावली की टाकीतील इंधन जडत्वामुळे मागे लोटते; टाकी पुढे आणि पंप मागे असला तर तेच जडत्व इंधनाला पंपाच्या तोंडात ढकलते. टाकी मागे ठेवली असती तर तेच बळ नळीतील इंधन पंपापासून दूर ओढीत राहिले असते. १९७० च्या मार्च महिन्यात लाँग बीचजवळील लायन्स धावपट्टीवर डॉन गार्लिट्स या चालकाच्या गाडीचे ट्रान्समिशन फुटून त्याच्या उजव्या पावलाचा भाग गेला, आणि त्यानंतर त्याने इंजिन पाठीमागे ठेवलेली गाडी बांधून १९७१ ची पोमोना येथील विंटरनॅशनल्स स्पर्धा जिंकली. तेव्हा इंजिन मागे गेले, टाकी पुढेच राहिली, आणि दोहोंमधील नळी लांबली. नळी पाच मीटर लांब धरली आणि गाडीचा प्रवेग गुरुत्वाच्या चौपट धरला, तर पंपाच्या तोंडाशी वीस मीटर उंचीच्या स्तंभाइतका दाब उभा राहतो. ज्या घर्षणाने पूर्वी पंप उपाशी राहत असे, त्याची भरपाई गाडीचा स्वतःचा प्रवेगच करू लागला.

गार्लिट्सचे नाव निघाले म्हणून त्याच्या आरंभकाळाविषयी दोन शब्द. फ्लोरिडाच्या या चालकाने १९५७ साली क्रायस्लर इंजिनावर आठ स्ट्रॉम्बर्ग कार्बुरेटर बसवून ताशी १७६.४० मैलांचा वेग गाठला, आणि कॅलिफोर्नियातील मंडळींनी त्यावर विश्वास ठेवण्यास नकार दिला. त्याच वर्षी एनएचआरएने नायट्रोमिथेनवर बंदी घालून केवळ पेट्रोल मंजूर केले. बंदीच्या मुदतीत नायट्रोमिथेनच्या गाड्यांना आश्रय दिला तो बेकर्सफील्डजवळच्या फामोसो धावपट्टीने. १९५९ च्या मार्चमध्ये तेथे भरलेल्या पहिल्या मोठ्या स्पर्धेत आर्ट क्रिसमन जिंकला, आणि गार्लिट्सला सुपरचार्जरच्या, म्हणजे इंजिनात दाबाने हवा भरणाऱ्या यंत्राच्या, माथ्यावर बसविलेल्या इंजेक्शनचे सामर्थ्य डोळ्यांनी पाहायला मिळाले. पुढे लवकरच त्यानेही तीच वाट धरली. १९६३ च्या विंटरनॅशनल्समध्ये एनएचआरएने बंदी उठविली, आणि ती स्पर्धा त्यानेच जिंकली. १९६४ च्या ऑगस्टमध्ये न्यू जर्सीतील ग्रेट मेडो येथे त्याने ताशी २०१.३४ मैल वेग नोंदविला. बंदीचा निर्णय सुरक्षिततेच्या हेतूने घेतलेला असला तरी ज्ञानाच्या वाटेत तो आला नाही, कारण पेट्रोलवर धावणाऱ्या गाड्यांनीही त्या काळात इंजेक्शनची बारीकसारीक रीत शिकून घेतली.

सुपरचार्जर आल्यावर नॉझलांची संख्या वाढत गेली. जनरल मोटर्सच्या मालमोटारींच्या डिझेल इंजिनासाठी बनविलेला ६-७१ जातीचा ब्लोअर हाच सुपरचार्जर म्हणून इंजिनावर चढवून, त्याच्या माथ्यावरील टोपीत काही नॉझल आणि खाली प्रत्येक सिलिंडरच्या वाटेत आणखी काही, अशी दुहेरी मांडणी रूढ झाली. वरचे इंधन ब्लोअरला थंड ठेवते, खालचे सिलिंडरांमधील वाटणी समान करते. आजच्या टॉप फ्युएल गाडीत, म्हणजे नायट्रोमिथेनवर धावणाऱ्या अव्वल वर्गाच्या ड्रॅगस्टरमध्ये, अशी बेचाळीस नॉझल असतात: दहा टोपीत, सोळा मॅनिफोल्डात, सोळा सिलिंडर हेडमध्ये. प्रत्येकाचे छिद्र निराळे असू शकते, कारण आठही सिलिंडरांना हवा सारखी मिळत नाही. कोणत्या सिलिंडरला कोणते छिद्र, याची नोंद ज्या वहीत असते ती वही संघाबाहेरच्या माणसाला दाखवीत नाहीत.

त्या वह्यांत हवामानही असते. कोलोरॅडोत डेन्व्हरजवळ बँडिमियर स्पीडवे नावाची धावपट्टी १९५८ पासून २०२३ पर्यंत चालू होती. समुद्रसपाटीपासून ती सुमारे १,७७० मीटर उंचीवर असल्याने तेथील हवा सुमारे सहाव्या हिश्श्याने विरळ. कॅलिफोर्नियातील पिल तसेच ठेवून तेथे गेलेली गाडी इंधनात बुडते. म्हणून वायुभारमापक, तापमापक आणि आर्द्रतामापक ही तिन्ही साधने मेकॅनिकच्या पान्यांइतकीच नित्याची झाली, आणि प्रत्येक धावेनंतर प्लग काढून त्याचा रंग भिंगाखाली पाहणे हा तपासणीचा पहिला दाखला ठरला.

१९८० नंतरच्या दशकात पंप मोठे होत गेले. आज पूर्ण वेगावर टॉप फ्युएलचा पंप मिनिटाला शंभर गॅलन, म्हणजे जवळजवळ ३८० लिटर, इंधन देऊ शकतो. सेकंदाला सहा लिटरांहून अधिक. इतक्या प्रवाहापुढे स्पार्क प्लगची टोके धाव अर्धी होईपर्यंत जळून जातात, इंजिन आपल्याच उष्णतेने चालत राहते, आणि ते थांबविण्याचा एकच उपाय चालकाच्या हाती उरतो: इंधनाची तोटी बंद करणे. एखाद्या सिलिंडरमधील ज्योत विझली तर तो न जळलेल्या द्रवाने भरतो, आणि द्रव दाबला जात नसल्यामुळे पिस्टन वर येताच हेड उखडले जाते. कॅनडातच जन्मलेल्या डेल आर्मस्ट्राँग या कुशल मेकॅनिकने याच दशकात गाडीवर मोजमापे नोंदविणारे यंत्र बसविले, आणि धाव चालू असताना कोणत्या क्षणी दाब किती होता, हे प्रथमच कागदावर वाचता येऊ लागले. त्याने सिद्ध केलेल्या गाडीने केनी बर्नस्टाइन याने १९९२ च्या मार्चमध्ये गेन्सव्हिल येथे ताशी ३०१.७० मैल वेग गाठला. पुढे धावेच्या आरंभापासून ठराविक सेकंदांनी उघडणाऱ्या, हवेच्या दाबावर चालणाऱ्या झडपा परतीच्या वाटांवर बसल्या, जेणेकरून चाके घसरण्याच्या क्षणी इंधन रोखावे आणि क्लच पूर्ण पकडला की ते मोकळे करावे. हिल्बर्नच्या एका परतवाटेच्या जागी आता अनेक झाल्या, पण प्रत्येकीचे माप ठरते ते छिद्रानेच.

२००८ च्या जूनमध्ये इंग्लिशटाउन येथे स्कॉट कॅलिटा याचा अपघाती मृत्यू झाल्यावर एनएचआरएने नायट्रोमिथेनच्या गाड्यांची धाव हजार फुटांवर, म्हणजे सुमारे ३०५ मीटरांवर, आणली. वेग कमी झाले असे मात्र नाही. आज ही धाव ३.७ सेकंदांच्या आसपास पूर्ण होते आणि शेवटी वेग ताशी ५३० किलोमीटरांच्या वर जातो.

स्टुअर्ट हिल्बर्न २०१३ च्या डिसेंबरमध्ये वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी वारला. त्याने शोधलेली रीत रस्त्यावरच्या मोटारींतून केव्हाच गेली, कारण तेथे संगणक प्रत्येक थेंबाचा हिशेब ठेवतो आणि इंधनाची काटकसर व धुराची स्वच्छता या दोन्ही गोष्टी तिच्याने होण्यासारख्या नव्हत्या. टॉप फ्युएल वर्गात मात्र संगणकाने इंधन नियंत्रित करण्यास एनएचआरएच्या नियमांची मनाई आहे; यंत्रे मोजू शकतात, हुकूम देऊ शकत नाहीत. त्यामुळे इंजिनावरून फिरणारा पंप, बॅरल व्हॉल्व्ह, बेचाळीस नॉझल आणि परतीच्या नळीतील पिल हीच सामग्री तेथे अजून चालते, आणि दोन धावांच्या मधल्या वेळात ते पिल मेकॅनिक हातानेच बदलतो.